एडमंटनचें एक वर्ष

मुलगा परदेशीं आणि आईबाप देशावर घर राखीत बसलेले, हें चित्र आतां आपल्या समाजांत इतकें सर्वसामान्य झालें आहे कीं, त्याविषयीं नवें कांहीं लिहावें असें सकृद्दर्शनीं वाटत नाहीं. तथापि या चित्राच्या पोटांत एक प्रश्न दडलेला असतो, आणि बहुतेक घरांत तो कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. दोघांचे हातपाय थकले म्हणजे पुढें काय? आमच्या घरीं तो प्रश्न २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवानें विचारून टाकिला. तो बारा वर्षें कॅनडांतील एडमंटन शहरीं नोकरीनिमित्त आहे. “वाईचें घर विकून टाका आणि दोघेंही इकडे कायमचीं या,” असें त्यानें फोनवर सरळ सांगितलें. त्या वेळीं यजमानांस ऐंशी पुरीं होत होतीं व मी चौऱ्याहत्तर वर्षांची होतें.

यजमानांचा सारा जन्म हायस्कुलांत गणित शिकविण्यांत गेला, आणि त्यांचें उत्तरही तसेंच आलें. “आधीं एक वर्ष राहून पाहूं, पण वर्ष म्हणजे सबंध वर्ष.” याचें कारण असें कीं, आपल्याकडील बहुतेक आईबाप तिकडे मे महिन्यांत जातात आणि पानें गळूं लागलीं कीं परततात. उन्हाळ्यावरून त्या देशाची परीक्षा करणें म्हणजे लग्नांतल्या शालूवरून मुलीचा स्वभाव ठरविण्यासारखें आहे, असें त्यांचें म्हणणें पडलें. तेथील सरकार आईबापांसाठीं व आजीआजोबांसाठीं ‘सुपर व्हिसा’ नांवाचा एक परवाना देतें. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका वेळीं पांच वर्षें राहतां येतें. मात्र मुलाचें उत्पन्न ठराविक मर्यादेच्या वर असावें लागतें आणि आरोग्याचा विमा आधींच उतरवावा लागतो. ऐंशीच्या माणसाच्या विम्याचा हप्ता ऐकून यजमान म्हणाले कीं, एवढ्यांत वाईच्या घराचीं कौलें दोनदां बदलून झालीं असतीं. पण हप्ता भरला गेला, घराची किल्ली शेजारीं दिली, आणि ऑगस्टच्या अखेरीस आम्ही एडमंटनला पोंचलों.

एडमंटन ही आल्बर्टा प्रांताची राजधानी. आपली वाई अठराव्या अक्षांशाजवळ. हें शहर साडेत्रेपन्नाव्या. गांवाच्या मधून उत्तर सास्काचेवान नांवाची नदी खोल दरींतून वाहते व तिच्या दोहों तीरांवर झाडी राखलेली आहे. जेथें नदी आहे तेथें आपण अगदींच पोरके नाहीं, एवढें मीं पहिल्याच दिवशीं मनांत नोंदून ठेविलें. गणपति १९ सप्टेंबरला आले व दीड दिवसांनीं बादलींत विसर्जित झाले. त्यानंतर आठपंधरा दिवसांत झाडांची सगळी पानें हळदीसारखीं पिंवळीं झालीं आणि एका वाऱ्यासरशीं खालीं आलीं. दिवाळी झाली, डिसेंबर उजाडला, तरी बर्फाचा म्हणण्यासारखा पत्ता नव्हता. नाताळसुद्धां त्या साली तपकिरी गवतावरच झाला. तेथील लोक पाऊस लांबला म्हणजे आपले शेतकरी बोलतात तशा सुरांत त्याविषयीं बोलत. यजमानांना वाटूं लागलें कीं थंडीची ही सारी कीर्ति चिरंजीवांनीं आम्हांला कोट विकत घ्यावयास लावण्यासाठीं पसरविली असावी.

थंडी नसली तरी अंधार मात्र वेळेवर आला. डिसेंबरच्या उत्तरार्धांत तेथें सूर्य पावणेनऊच्या पुढें उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. ऐन मध्यान्हींही तो क्षितिजापासून अवघा तेरा अंश वर असतो. म्हणजे दुपारी बारालाही आपली सावली आपल्या चौपट लांब. यजमान आजही त्रिकाळ संध्या करितात. प्रातःसंध्या, माध्याह्न व सायंसंध्या या तिन्ही एका शाळेच्या वेळांत उरकूं लागल्या, तेव्हां दिवसाचें उरलेलें काय करावें हें त्यांना कळेना. मग त्यांनीं एक वही केली व त्यांत एडमंटनचे चंद्रोदय मांडावयास सुरुवात केली. निमित्त माझ्या संकष्टीचें होतें. आपल्याकडे संकष्टीचा चंद्र बहुधा रात्रींच्या जेवणाच्या सुमारास उगवतो. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षां सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरां येतो, हें आपण शाळेंत शिकतों; परंतु उत्तरेकडे ही नुसती सरासरीच राहते. चंद्राचा मार्ग तेथें क्षितिजाशीं शरदांत फार तिरपा होतो, आणि वसंतांत उभा. त्यामुळें शरदांत तो रोज वीस मिनिटांच्याच फरकानें उगवतो, आणि वसंतांत तासाहून अधिक. ऑक्टोबरांतील संकष्टीस सूर्यास्तानंतर तासदीड तासांत मीं उपास सोडला, आणि पुढें एप्रिलमध्यें मध्यरात्र उलटून गेल्यावर! सूनबाईनें सुचविलें कीं, वाईच्या चंद्रोदयाप्रमाणें उपास सोडावा, तेव्हां यजमान म्हणाले, “ज्या आभाळाखालीं जेवायचें त्याच आभाळाला विचारायला हवें.” मला हें पटलें, भूक मात्र मला लागली होती, त्यांना नव्हे.

आतां घराविषयीं दोन शब्द. तेथील घरें बहुशः लांकडाचीं असतात. भिंतींत कापसासारखें लोंकर भरलेलें असतें आणि खिडक्यांना दुहेरी-तिहेरी कांचा असतात. तळघरांत गॅसवर चालणारी भट्टी असते व तिची ऊब पंख्यानें नळ्यांतून खोलीखोलींत ढकलली जाते. घर उबदार राहतें खरें, पण हवा पापड वाळावेत इतकी कोरडी होते. ओंठ फुटतात, टाचा चिरतात, आणि दाराच्या मुठीला हात लावला कीं विजेचा बारीक झटका बसतो. ओट्यावर विरजण लागत नाहीं. बंद ओव्हनमध्यें दिवा तेवढा लावून आंत पातेलें ठेवावें लागतें. मोटारीचीही तऱ्हा तशीच. तिच्या नाकपुडींतून एक वायर लोंबत असते, ती रात्रीं भिंतींतल्या विजेच्या खुंटीला जोडावयाची; म्हणजे इंजिन गोठत नाहीं. गोठ्यांत जनावर बांधावें तशी मोटार बांधलेली पाहून मला प्रथम हंसूंच आलें.

२०२४ च्या जानेवारीच्या चार तारखेस सूनबाई प्रसूत झाली व नातू झाला. आठ वर्षांच्या नातीच्या पाठीवरचा हा मुलगा. आमच्या पिढीच्या बाळंतिणीला जें जें केलें तें तें करावें या हौसेनें मीं डिंक, अळीव, बाळंतशेपा सारें बरोबर नेलें होतें. लाडू झाले, तेल लावणें झालें; पण धुरी कांहीं करतां येईना. निखाऱ्यावर ओव्याचा नुसता वास उठला कीं छताला लावलेला स्मोक अलार्म साऱ्या आळीला ऐकूं जाईल असा ओरडे. या वेळीं मला राहूनराहून आनंदीबाई जोशी यांची आठवण होई. १८८३ साली ती मुलगी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेली, नऊवारी नेसूनच तेथील हिंवाळे काढिले, त्या थंडींत प्रकृति ढांसळली, १८८६ मध्यें पदवी घेऊन परतली आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारली. तिच्या वेळीं तळघरांतली ही भट्टी असती तर काय झालें असतें, असा विचार मनांत येई आणि छतावरच्या त्या कर्कश यंत्रावरचा माझा राग ओसरे.

शेजारीं एक वृद्ध बाई एकटी राहते. तिचे पूर्वज युक्रेनमधून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या भागांत त्या देशाचे शेतकरी हजारोंनीं येऊन वसले. नाताळ ती जुन्या कालगणनेप्रमाणें पाळते. म्हणून तिची नाताळची पूर्वरात्र ६ जानेवारीस आली. त्या रात्रीं त्यांच्याकडे बारा पदार्थ करितात. मासळी चालते, पण मांस वर्ज्य. आणि ताटांच्या रांगेंत एक ताट घरांतील मृतांसाठीं मांडतात. जेवणाचा आरंभ ‘कुत्या’ नांवाच्या पदार्थानें होतो. दुसऱ्या दिवशीं बर्फांतून काठी टेकीत ती त्याचा एक वाडगा बाळंतिणीसाठीं घेऊन आली. झांकण काढून पाहतें तों शिजविलेले गहू, मध आणि वाटलेली खसखस! आपली गव्हाची खीरच ती. गुळाच्या जागीं मध, इतकाच भेद. मृतांसाठीं मांडलेल्या ताटाची हकीकत ऐकून यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं आपल्याकडील पितृपक्षाची माहिती तिला सांगितली. त्यांचें इंग्रजी व्याकरणशुद्ध व तिचें घाईचें; पण दोघांचें बरें जमलें.

आणि मग थंडी आली. ती चालत आली नाहीं, कोसळलीच. दहा-अकरा जानेवारीपासून पारा उतरूं लागला तो शून्याखालीं चाळिसाच्याही पलीकडे गेला. यजमानांनीं नातीला सांगितलें कीं, उणे चाळीस हा एकच आंकडा असा आहे जेथें सेल्सियस आणि फॅरनहाइट यांचें भांडण मिटतें. बाहेर पाऊल टाकिलें कीं पापण्यांचे केस एकमेकांस चिकटत. पायांखालचा बर्फ करकर न वाजतां कण्हल्यासारखा वाजे. सकाळीं हवेंत तरंगणाऱ्या हिमकणांमुळें सूर्याच्या दोहों बाजूंस दोन खोटे सूर्य दिसत. तें दृश्य सुंदर होतें यांत शंका नाहीं. पण त्या सौंदर्याकडे पाहावयास कोणी दोन मिनिटांपेक्षां अधिक थांबत नसे.

१३ जानेवारी, शनिवार. बाळ दहा दिवसांचें होतें. संध्याकाळीं पावणेसातच्या सुमारास घरांतील सगळे फोन एकदम एका भीतिदायक आवाजांत वाजूं लागले. प्रांताच्या वीजव्यवस्थेकडून सूचना होती: मागणी पुरवठ्याच्या कांठावर आली आहे, अनावश्यक दिवे, शेगड्या, मोटारींच्या वायरी ताबडतोब बंद करा, न पेक्षां पाळीपाळीनें वीज तोडावी लागेल. मी प्रथम फारशी घाबरलें नाहीं. वाईस वीज जाणें ही काय बातमी आहे? परंतु चिरंजीवाचा चेहरा पाहिला तेव्हां माझ्या लक्षांत आलें. भट्टी गॅसवर पेटते हें खरें. पण तिची ऊब खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. वीज गेली म्हणजे भट्टीही थांबते. बाहेर उणे चाळीस, आणि आंत दहा दिवसांचें मूल.

यजमान उठले. एकेका खोलींत जाऊन त्यांनीं सारे दिवे मालविले, मोटारीची वायर काढावयास लाविली, चुलीवरची आमटी अर्धी कच्ची होती ती तशीच उतरविली. देवाजवळच्या समईच्या उजेडांत आम्ही सहाजणें एका खोलींत बसलों. सूनबाईनें बाळाला पोटाशीं धरलें होतें, माझी शाल दोघांवर होती, व नात आजोबांच्या मांडीवर होती. खिडकींतून पाहिलें तों समोरच्या घरांचे दिवे एकामागून एक विझत होते. त्या युक्रेनी बाईच्या ओट्यावरचा दिवाही गेला. पुढें वर्तमानपत्रांत वाचलें कीं, कांहीं मिनिटांतच सबंध प्रांताची मागणी सुमारें दोनशे मेगावॉटनीं उतरली आणि वीज तोडण्याची पाळी आली नाहीं. ज्यांची परस्परांशीं ओळखदेखही नाहीं अशा लाखों लोकांनीं आपापल्या घरांतला एकेक दिवा मालवावा आणि त्यामुळें आमच्या घरची भट्टी चालू राहावी, हें मला अजूनही पुरतें उमगत नाहीं. त्या तासाभरांत यजमान नातीला पाढे म्हणून दाखवीत होते. एकोणतीसचा पाढा त्यांनीं तीनदां म्हटला. त्यांचा आवाज किंचित् कांपत होता, तो फक्त मला ओळखूं आला असावा.

दोनच दिवसांनीं, १५ जानेवारीस, संक्रांत व बारसें एकदम आलें. बोलाविलेल्या वीस मंडळींपैकीं सातजण पोंचलीं. उरलेल्यांच्या मोटारी सुरू झाल्या नाहींत. तिळाच्या वड्या जागेअभावीं गॅरेजमध्यें ठेविल्या होत्या, त्या शेवटीं खलबत्त्यानें फोडाव्या लागल्या. संक्रांतीला काळें नेसावें तें ऊब धरून राहावी म्हणून, असें मी लहानपणापासून ऐकत आलें होतें. त्या दिवशीं मात्र काळी चंद्रकळा नेसून, वर दोन स्वेटर व पायांत लोंकरी मोजे घातले तेव्हां कोठें पाळण्याच्या दोरीला हात लागला.

आमच्या राहण्याचा खरा कस मात्र फेब्रुवारींत लागला. यजमानांचे वाईचे बालमित्र, ज्यांच्याबरोबर पन्नास वर्षें रोज संध्याकाळीं कृष्णेच्या घाटावर बसणें होई, ते अकस्मात् गेले. बातमी फोनवर आली. आणि फोन खालीं ठेवल्यावर जावयाचें कोठें, हा प्रश्न उभा राहिला. यजमानांनीं स्नान केलें, तिलांजलि दिली, आणि खिडकीशीं जाऊन बसले. नंतर आठ दिवस ते तेथेंच बसत. चंद्रोदयाची वही उघडली गेली नाहीं. रोज सकाळीं चिरंजीव त्यांना एका मोठ्या मॉलमध्यें फिरावयास नेऊन सोडी. हिंवाळ्यांत तिकडील म्हातारी माणसें दुकानें उघडण्यापूर्वीं अशा ठिकाणींच फेऱ्या घालतात. तेंही त्यांनीं बंद केलें. नवव्या दिवशीं मला म्हणाले, “येथें कशाचीच वाण नाहीं. पण मी गेलों तर घाटावर कोणाला कळणार?” मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. मला स्वतःला तेथें राहावेंसें वाटूं लागलें होतें, हेंही त्या वेळीं सांगितलें नाहीं.

मला कां वाटूं लागलें होतें, तें सांगतें. आमची नात मराठी समजे, पण उत्तर इंग्रजींत देई. सप्टेंबरांत तिला माझ्याजवळ बसावयास वेळ नव्हता. शाळा सुटली कीं ती सायकलीवर. पण दिवस चारलाच मावळूं लागला, बाहेर जाणें खुंटलें, आणि मुलगी आपोआप माझ्या पांघरुणांत आली. प्रथम गोष्टी झाल्या, मग मुळाक्षरें, मग पत्ते खेळतांना भांडण. माणूस ज्या भाषेंत भांडूं लागतें ती त्याची झाली, असा माझा शिक्षिकेच्या नोकरींतला अनुभव आहे. मार्चच्या आरंभीं तिनें आजोबांच्या खिडकीशीं जाऊन वही पुढें केली व विचारलें, “आजोबा, उद्यांचा चंद्र कोण लिहिणार?” त्यांनीं चष्मा मागितला.

मे महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. १० तारखेस अक्षय्यतृतीया होती. रात्रीं अकराच्या पुढें चिरंजीवानें सर्वांना घाईघाईनें अंगणांत नेलें. आभाळ माथ्यापासून चारी दिशांस हिरवें, जांभळें व तांबडें झालें होतें आणि तें वाऱ्यांतल्या पडद्याप्रमाणें हलत होतें. सूर्यावरून आलेल्या विद्युत्कणांचा तो प्रताप. वीस वर्षांत इतकें प्रबळ सौर वादळ झालें नव्हतें. प्राणवायूमुळें खालीं हिरवा व फार उंचावर तांबडा रंग येतो, असें यजमान सांगत होते. त्याच रात्रीं लडाखमध्यें हानले येथील आकाशांतही तांबडी प्रभा दिसली, हें दुसऱ्या दिवशीं कळलें, तेव्हां त्यांना झालेला आनंद आदल्या रात्रींच्या दर्शनाहून अधिक होता.

दुसरी गोष्ट त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. ऐंशी वर्षें व सुमारें दहा महिने झाले म्हणजे माणसाच्या आयुष्यांत एक हजार पौर्णिमा होतात. त्या हिशेबानें वैशाखी पौर्णिमा, २३ मे, ही त्यांची पडली. विधि पुढच्या शनिवारीं झाला. पण चंद्र पाहावयाचा तो त्याच रात्रीं. आतां उत्तरेकडे हिंवाळ्यांतला पूर्णचंद्र थेट माथ्याकडे चढतो आणि उन्हाळ्यांतला जमिनीला घांसून जातो. त्यामुळें आम्हीं सारींजणें मोटारींत बसून गांवाबाहेर एका माळावर गेलों. दहा वाजून गेल्यावर शेताच्या कडेला एक तांबूस, मोठें, वेडेंवांकडें बिंब वर आलें व तेथेंच रेंगाळलें. नात म्हणाली, “आजोबा, हा हजारावा म्हणून दमलाय.” यजमान इतके हंसले कीं त्यांना ठसका लागला.

जूनमध्यें जॅस्परचा प्रवास झाला. एडमंटनच्या पश्चिमेस साडेतीनशेंहून अधिक किलोमीटर मोटारीनें जावें लागतें. तेथून दक्षिणेस अथाबास्का नांवाची हिमनदी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर जागोजाग सालांच्या पाट्या लाविलेल्या आहेत. त्या त्या सालीं बर्फाचें टोंक तेथवर होतें. सव्वाशें वर्षांत ती दीड किलोमीटरहून अधिक मागें हटली आहे. पाटीपाटीवर थांबत वर चढणें म्हणजे एखाद्या आजाऱ्याच्या तक्त्यावरून बोट फिरविण्यासारखें वाटतें. या हिमक्षेत्राचें पाणी तीन महासागरांस जातें. एडमंटनची नदीही त्याच बर्फांतून निघून हडसन उपसागराकडे जाते. महाबळेश्वरास कृष्णा पूर्वेस व सावित्री पश्चिमेस निघते तसाच हा प्रकार. यजमानांनीं तेथील ओढ्याच्या पाण्याचें आचमन केलें आणि दांत शिवशिवल्याबद्दल तक्रार केली नाहीं.

जुलैच्या २२ तारखेस जॅस्परच्या अरण्यांत वणवे पेटले व सुमारें पंचवीस हजार माणसांना रातोरात बाहेर काढावें लागलें. २४ तारखेस आग गांवांत शिरली आणि तिसरा हिस्सा इमारती जळाल्या. महिन्यापूर्वीं ज्या रस्त्यावर आम्हीं आइस्क्रीम खाल्लें त्याचीं चित्रें नात टीव्हीवर पाहत होती. तिनें तो बंद करूं दिला नाहीं.

ऑगस्टमध्यें निर्णयाचें बोलणें निघालें. चिरंजीवानें मध्यममार्ग सुचविला: घर ठेवा, आणि दरसाल मे ते सप्टेंबर इकडे या, हिंवाळा वाईस काढा. सर्वांचा हाच सल्ला होता, आणि तो शहाणपणाचा होता यांत संशय नाहीं. मीं मात्र नको म्हटलें. उन्हाळ्यांत त्या घरांत आमचें काम काय? मुलें बाहेर, आईबाप बागेंत, शेजारीपाजारी अंगणांत. सूनबाईची रजा जानेवारींत संपावयाची होती. बाळ तेव्हां वर्षाचें होणार. चार वाजतां जेव्हां रात्र पडते, भाषा जेव्हां पांघरुणांत शिकली जाते, तेव्हां म्हातारीं माणसें घरांत हवींत. चैत्रांत कृष्णेवर परतूं आणि गणपति व दिवाळी वाईस करून निघूं, असें मीं म्हटलें. यजमान कांहींच बोलले नाहींत. हो नाहीं आणि नाहीं नाहीं. चिरंजीवानें त्यावर फार ताणलें नाहीं, हें त्यानें बरें केलें.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, गणपतीच्या आधीं, आम्ही निघालों. निघण्याच्या आदल्या दिवशीं यजमानांनीं नातीसाठीं चंद्रोदयाची नवी वही तयार करून स्वयंपाकघरांत टांगली. तिनें ती चाळून पाहिली, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचीं पानें कोरीं कां, असें विचारिलें. “तीं मी आल्यावर लिहीन,” असें म्हणून ते आपला जाड कोट कपाटांत पुन्हां नीट लावूं लागले.